नावाआधी शिस्त : बॅरन ल र्वा यांचे जीवनकार्य

1923 साली दक्षिण फ्रान्समधील शातोनफ-द्यू-पाप या छोट्या गावातले काही द्राक्ष बागायतदार एक गाऱ्हाणे घेऊन फोर्तिया नावाच्या इस्टेटीवर गेले. त्यांच्या गावाच्या नावाने बाजारात भलतीच वाइन विकली जात होती. कुठल्या तरी दूरच्या मळ्यातला हलका माल पिंपांत भरायचा, त्यावर या गावाचे नाव लिहायचे आणि चढा भाव घ्यायचा, असा व्यापाऱ्यांचा शिरस्ता झाला होता. गावाच्या नावाला किंमत होती, पण ती गावाच्या पदरात पडत नव्हती. फोर्तियाचे यजमान कायदा शिकलेले होते आणि महायुद्धातून मानाने परतले होते. त्यांनी गावाची बाजू हाती घ्यावी, एवढीच आलेल्यांची विनंती होती. यजमानांनी ती मान्य केली, पण एका अटीवर. दुसऱ्याच्या लबाडीकडे बोट दाखवण्याआधी गावाने स्वतःला शिस्त लावून घेतली पाहिजे, ही ती अट होती. फ्रान्समध्ये आणि पुढे जगभर मूळस्थानाच्या नावाला जे कायदेशीर संरक्षण मिळाले, त्याच्या पायाशी असलेल्या दगडांपैकी एक म्हणजे ही अट होय.

ते यजमान म्हणजे बॅरन पिएर ल र्वा द ब्वाझोमारिए. फ्रेंच वाइनच्या इतिहासात ते बॅरन ल र्वा या सुटसुटीत नावानेच ओळखले जातात. त्यांचा जन्म 1890 मध्ये पूर्व फ्रान्समधील ग्रे या गावी झाला. घराणे मूळचे नॉर्मंडीचे आणि वडील सैन्यात अधिकारी होते. पिएर यांचे तरुणपण मात्र दक्षिणेत, लांगदॉकमध्ये गेले आणि माँपेलिए येथे त्यांनी कायद्याचे शिक्षण घेतले. पहिले महायुद्ध सुरू झाले तेव्हा ते चोवीस वर्षांचे होते. त्या युद्धात ते लढाऊ वैमानिक झाले. ज्या काळी विमान म्हणजे लाकडी सांगाडा आणि ताणलेले कापड एवढाच प्रकार होता, त्या काळी या कामातून जिवंत परतणे हीच मोठी गोष्ट होती. युद्धानंतर त्यांचा विवाह झाला. पत्नीच्या माहेरची इस्टेट म्हणजेच शातो फोर्तिया. अशा रीतीने हा कायद्याचा पदवीधर वैमानिक ऱ्होन नदीच्या खोऱ्यात द्राक्ष बागायतदार म्हणून स्थिरावला.

गावाला मोठा इतिहास होता. चौदाव्या शतकाच्या प्रारंभी कॅथलिक पंथाचे प्रमुख पोप रोम सोडून ऱ्होनकाठच्या आव्हीन्यों शहरी येऊन राहिले. त्यांपैकी बाविसावे जॉन यांनी आव्हीन्योंच्या उत्तरेला एका टेकडीवर उन्हाळ्यातल्या मुक्कामासाठी किल्ला बांधला. शातोनफ-द्यू-पाप या नावाचा अर्थ पोपांचा नवा किल्ला असा होतो. गावाचे अधिकृत नाव म्हणून मात्र ते 1893 मध्येच रूढ झाले. टेकडीभोवतीच्या मळ्यांत माती कमी आणि गोटे जास्त. नदीने शतकानुशतके घासून गुळगुळीत केलेले हे गोटे दिवसा तापतात आणि रात्री ती ऊब वेलींना परत देतात. त्यातच मिस्त्राल हा उत्तरेकडचा कोरडा वारा वेलींवरची ओल टिकू देत नाही. अशा जमिनीत ग्रनाश जातीचे द्राक्ष चांगले पिकते आणि त्याची वाइन दमदार होते.

हा दमदारपणाच गावाच्या मुळावर आला होता. एकोणिसाव्या शतकात इथली बरीचशी वाइन पिंपांतून उत्तरेकडे बर्गंडीला जाई आणि तिथल्या फिक्या वाइनमध्ये मिसळली जाई. औषधाची मात्रा द्यावी तसा तिचा उपयोग होई, म्हणून व्यापारी तिला औषधी वाइन म्हणत. म्हणजे ज्या गावाने पुढे भेसळीविरुद्ध उभे राहायचे होते, त्या गावाचा मालच बराच काळ दुसऱ्याच्या मालात मिसळण्यासाठी विकला जात होता. ल र्वा यांनी घातलेली अट समजून घ्यायची तर हा पूर्वेतिहास ध्यानात ठेवावा लागतो. गावाचे नाव जपायचे, तर आधी त्या नावाने ओळखता येईल असा माल गावातच तयार व्हायला हवा होता.

मध्यंतरी आणखी एक संकट येऊन गेले होते. 1863 च्या सुमारास ऱ्होनच्या पलीकडच्या तीरावर, गार जिल्ह्यात, वेली अकारण वाळू लागल्या. मुळांतला रस शोषणारा फिलोक्सेरा हा अमेरिकेतून आलेला सूक्ष्म कीटक त्याला कारण होता. पुढच्या काही दशकांत त्याने फ्रान्समधील बहुतेक द्राक्षमळे उद्ध्वस्त केले. अमेरिकन खुंटावर फ्रेंच वाणाचे कलम बांधण्याचा उपाय अखेर सापडला. महाराष्ट्रातील द्राक्ष बागायतदारही आज परदेशी खुंटावरच कलमे बांधतात, त्यांना हा उपाय वेगळा सांगायला नको. पण मळे पुन्हा उभे राहीपर्यंत बाजाराने वाईट सवयी लावून घेतल्या होत्या. वाइनचा तुटवडा असताना मनुके भिजवून, साखरपाणी घालून, दूरचा माल मिसळून पिंपे भरली गेली. मळे परत आले तरी हे धंदे थांबले नाहीत. उलट खरा आणि खोटा माल एकाच बाजारात आल्याने भाव कोसळले.

1907 मध्ये लांगदॉकमधील बागायतदार रस्त्यावर उतरले. माँपेलिए शहरात लाखोंचा जमाव जमला, नारबोन येथे सैन्याने गोळीबार केला आणि माणसे मेली. ल र्वा त्या वेळी सतरा वर्षांचे होते. चार वर्षांनी, 1911 मध्ये, उत्तरेकडील शँपेन प्रांतात दंगली उसळल्या. तिथला वाद हद्दीचा होता. शँपेन हे नाव कोणत्या गावांनी वापरावे याची रेषा सरकारने आखली आणि रेषेबाहेर पडलेल्यांनी बंड पुकारले. अखेर सैन्य पाठवावे लागले. नुसती रेषा आखून प्रश्न सुटत नाही, याचा हा धडा होता.

या धड्यानंतर, 1919 मध्ये, फ्रान्सने नवा कायदा केला आणि मूळस्थानाच्या नावांचे तंटे न्यायालयांकडे सोपवले. हेतू चांगला होता, पण अंमलात एक मोठी उणीव राहिली. कायद्याचा भर द्राक्षे कुठली यावर होता. ती कोणत्या वाणाची, कोणत्या जमिनीतली, किती पिकाची, याची फारशी विचारपूस होत नसे. त्यामुळे एखाद्याने हद्दीच्या आत, नदीकाठच्या सुपीक गाळात, भरघोस पण बेचव पीक देणारा वाण लावला तरी त्याला प्रतिष्ठित नाव वापरता येई. पूर्वी बाहेरचा माणूस नाव चोरत होता. आता घरचा माणूस कायद्याच्या आधाराने ते नासवू शकत होता.

ल र्वा यांनी नेमकी हीच फट हेरली. त्यांच्या पुढाकाराने गावातल्या बागायतदारांची संघटना उभी राहिली आणि तिने स्वतःसाठी नियम ठरवले. ते आज वाचले तरी त्यांतला व्यवहारीपणा जाणवतो.

पहिला नियम जमिनीचा. केवळ गावाच्या शिवेत असणे पुरेसे नव्हते; जमीन खडकाळ आणि निकस हवी होती. त्यासाठी वापरलेली कसोटी प्रसिद्ध आहे. ज्या जमिनीत थाइम आणि लॅव्हेंडर या दोन्ही सुगंधी वनस्पती वाढू शकतात, ती जमीन या वाइनला योग्य. या दोन्ही वनस्पतींना कोरडी, हलकी जमीन मानवते. शेतकऱ्याला प्रयोगशाळेवाचून डोळ्यांनी पाहता येईल अशी ही परीक्षा होती, आणि जिथे धान्य वा भाजी चांगली पिकते तो गाळाचा पट्टा तिच्यामुळे आपोआप बाहेर पडत होता.

दुसरा नियम वाणांचा. परंपरेने या भागात लावले जाणारे वाणच चालतील असे ठरले. ग्रनाश, सिरा, मूर्व्हेद्र यांसह पुढे तेरा वाणांची यादी मान्य झाली. तिसरा नियम मशागतीचा. वेल कशी वाढवायची आणि छाटणी कशी करायची, हे ठरवून दिले गेले. कारण छाटणीवर घडांची संख्या अवलंबून आणि घडांच्या संख्येवर रसाचा कस अवलंबून. चौथा नियम असा की तयार वाइनमध्ये मद्यार्काचे प्रमाण किमान साडेबारा टक्के असलेच पाहिजे. हा केवळ नशेचा हिशेब नव्हे. द्राक्षातल्या साखरेचे आंबवणीत मद्यार्कात रूपांतर होते. तेव्हा फळ वेलीवर पूर्ण पिकू दिले होते की नाही, हे या आकड्यावरून कळते.

पाचवा नियम सर्वांत कठोर होता. काढणीच्या वेळी प्रत्येकाने घड निवडून घ्यायचे आणि किमान पाच टक्के फळ बाजूला काढायचे. हंगाम वाईट असो वा उत्तम, या नियमाला सूट नव्हती. वर्ष चांगले असले तरी शंभर किलोंमागे पाच किलो फळ या नावासाठी निषिद्ध. लहान बागायतदाराला हे किती जड गेले असेल, याची कल्पना ज्याने पिकलेला माल नाइलाजाने मागे टाकला आहे त्यालाच येईल. पण त्यामागचा विचार स्पष्ट होता. निवड सक्तीची नसेल, तर ती नेहमी शेजाऱ्याने करावी असे प्रत्येकाला वाटते. यांखेरीज या नावाने गुलाबी वाइन करायची नाही, असेही ठरले आणि विक्रीपूर्वी वाइनची चव तपासून घेण्याची पद्धत आली.

या नियमांचे मर्म असे की यांतला एकही नियम व्यापाऱ्यावर थेट बोट ठेवत नाही. सगळे बागायतदाराला बांधतात. फसवणूक करणाऱ्याविरुद्ध न्यायालयात उभे राहायचे, तर खरा माल म्हणजे काय हे नेमके सांगता आले पाहिजे. आणि ते सांगायचे तर आपण स्वतः ते पाळतो हे सिद्ध करता आले पाहिजे. ल र्वा यांच्यातला कायद्याचा विद्यार्थी इथे दिसतो. त्यांनी नैतिक आवाहनाला पुराव्याचे रूप दिले.

तरीही मार्ग सोपा नव्हता. हद्द आणि नियम यांना मान्यता मिळवण्यासाठी संघटना न्यायालयात गेली. तज्ज्ञांनी जमिनीची पाहणी केली, आक्षेप नोंदवले गेले, अपिले झाली. खालच्या न्यायालयापासून फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंतचा हा प्रवास 1933 मध्ये संपला. गावाने पहिले पाऊल टाकल्याला तोवर दहा वर्षे झाली होती. निकाल संघटनेच्या बाजूने लागला. हद्द केवळ एका गावापुरती राहिली नाही. ओरांज, कुर्तेझों, बेदारिद आणि सोर्ग या शेजारगावांतल्या योग्य जमिनीही तिच्यात आल्या. पण त्याच वेळी खुद्द शातोनफच्या शिवेतल्या सगळ्याच जमिनी पात्र ठरल्या नाहीत.

या न्यायाला दुसरी बाजू होती, ती नजरेआड करून चालणार नाही. रेषेच्या आतल्या गोटाळ जमिनीचे मोल वाढले. रेषेबाहेरच्या शेतकऱ्याला, त्याचा बांध आतल्या मळ्याला लागून असला तरी, ते नाव वापरता येईना. फोर्तियाची इस्टेट रेषेच्या आत होती, हेही खरे. नियम घालणारा स्वतः लाभार्थी असेल तर त्याच्याकडे संशयाने पाहिले जाणे स्वाभाविक असते. या संशयाला उत्तर देणारी गोष्ट एकच होती. जमिनीची कसोटी झाडाझुडपांची होती, माणसांची नव्हती आणि पाच टक्के फळ मागे टाकण्याचा नियम बॅरनच्या मळ्यालाही तितकाच लागू होता. रेषा कुणाला तरी बाहेर ठेवणारच. ती ज्यावरून आखली ते कारण सर्वांना तपासता यावे, एवढेच मानवी न्यायाच्या हाती असते.

खटला चालू असतानाच ल र्वा यांच्या कामाचा परीघ वाढला होता. 1929 मध्ये त्यांनी ऱ्होन खोऱ्यातील बागायतदारांची मोठी संघटना उभारली. कोत-द्यू-रोन हे नाव पुढे 1937 मध्ये मान्य झाले, त्यामागे या संघटनेचे परिश्रम होते. शातोनफच्या मानाने हा प्रदेश विस्तीर्ण आणि तिथली वाइन तुलनेने स्वस्त. पण नाव हवे तर नियम हवेत, हे सूत्र तिथेही कायम राहिले.

याच काळात बोर्दोच्या परिसरात जोझेफ कापू हे कृषितज्ज्ञ राजकारणी त्याच निष्कर्षाला आले होते. कापू वनस्पतिरोगांचे अभ्यासक आणि शिक्षक होते, 1924 मध्ये काही काळ कृषिमंत्री होते आणि पुढे सिनेटवर गेले. 1919 च्या कायद्यातली उणीव भरून काढण्यासाठी 1927 मध्ये त्यांच्या प्रयत्नाने दुरुस्ती झाली आणि वाण व जमीन यांचा विचार कायद्यात शिरला. मात्र ती पुरेशी पडली नाही. अखेर 30 जुलै 1935 च्या आदेशाने नवी व्यवस्था आली. तिचे नाव आपेलासिओं दोरिजिन कोंत्रोले, म्हणजे नियंत्रित मूळस्थान-नाम. हिच्यासाठी एक राष्ट्रीय समिती नेमली गेली. कापू तिचे अध्यक्ष झाले आणि ल र्वा तिच्या उभारणीत त्यांचे निकटचे सहकारी होते. प्रत्येक नावासाठी हद्द, वाण, हेक्टरी उत्पादन, मद्यार्काचे किमान प्रमाण आणि लागवडीची व वाइन करण्याची रीत ठरवायची, तीही संबंधित बागायतदारांच्या संघटनांना विचारून. शातोनफमध्ये दहा वर्षांपूर्वी केलेल्या स्वनियमनाची छाया या आराखड्यात स्पष्ट दिसते. 15 मे 1936 रोजी पहिली नावे मान्य झाली, त्यांत शातोनफ-द्यू-पाप होते. आजही तिथे हेक्टरी 35 हेक्टोलिटर, म्हणजे 3500 लिटर, ही उत्पादनाची मर्यादा आहे आणि काढणी हातानेच करावी लागते.

दुसऱ्या महायुद्धाने गावाची खूण मोडली. 1944 च्या ऑगस्टमध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने पोपांच्या किल्ल्याचा उरलेला मनोरा उडवून दिला. त्याचा एक भाग कोसळला; दुसरा आजही टेकडीवर उभा आहे. किल्ला अर्धा राहिला, तरी गावाचे नाव शाबूत होते.

1947 मध्ये राष्ट्रीय समितीचे संस्थेत रूपांतर झाले. त्याच वर्षी कापू वारले आणि अध्यक्षपद ल र्वा यांच्याकडे आले. 1967 मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे वीस वर्षे, ते त्या पदावर होते. आंतरराष्ट्रीय वाइन संघटनेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषवले आणि मूळस्थानाच्या नावाचा विचार फ्रान्सबाहेर नेला. 1958 मध्ये लिस्बन येथे अशा नावांच्या संरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार झाला. तिथून ही वाट 1994 च्या जागतिक व्यापार करारापर्यंत आली आणि भौगोलिक मानांकन हा शब्द भारतीय शेतकऱ्याच्या बोलण्यात आला.

भारताने 1999 मध्ये या विषयाचा कायदा केला आणि 2003 मध्ये तो अंमलात आला. गोव्याच्या काजू फेणीला 2009 मध्ये हे मानांकन मिळाले, तर नाशिक खोऱ्यातील वाइनलाही ते लाभले. कोल्हापुरी चपलेचे मानांकन महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांतील जिल्ह्यांना मिळून आहे. त्यांत बेळगावही आहे. सीमाभागात जिथे नावांवरून वर्षानुवर्षे तंटे चालतात, तिथे हे एक नाव दोन्ही बाजूंच्या कारागिरांनी वाटून घेतले आहे.

या प्रत्येक नावापुढे फोर्तियाच्या यजमानांनी घातलेली अट आजही उभी आहे. मानांकनाचा कागद मिळाल्यावर समारंभ होतो, छायाचित्रे निघतात. त्यानंतर खरा प्रश्न सुरू होतो. काजूची बोंडे कुठली, रस कसा आंबवला, भट्टीवर किती वेळा गाळला, बाटलीत दुसरे काही मिसळले का, हे कोण तपासणार? आणि नियम मोडणारा आपलाच शेजारी निघाला तर त्याला कोण अडवणार? परक्याने नाव चोरले तर संताप सहज येतो. घरच्याने नाव नासवले तर बोलायला धैर्य लागते.

नियमांनाही मर्यादा असतात. नियंत्रित नावाची बाटली प्रत्येक वेळी उत्तम निघेलच असे नाही. ती काय आहे आणि कुठून आली याची हमी मात्र नाव देते. काही कसबी बागायतदारांना हे नियम जाचक वाटतात आणि ते मानाचे नाव सोडून साध्या नावाने आपली वाइन विकतात. वाण बदलावे की नाही, तापत्या हवामानात जुन्या अटी कितपत टिकतील, हे वाद फ्रान्समध्ये आजही चालतात. ल र्वा यांनी घालून दिलेली रीत अशी की हे वाद नाव वापरणाऱ्यांनी एकत्र बसून सोडवायचे आणि ठरेल ते आधी स्वतःला लावायचे.

शातोनफच्या मळ्यांत दर शरदात काढणी होते. घड टोपल्यांत पडतात आणि त्यांतले काही, चांगले वर्ष असले तरी, बाजूला काढले जातात. गावाच्या नावाचे मोल तिथल्या बागायतदारांनी या मागे टाकलेल्या फळातून चुकते केले आहे.